गुलाबी कागदावरचा ठसा

प्रिय कल्पे,

हे पत्र आय स्वतः तुझ्या हातात देईल. शीलामावशीला म्हणावं, राहायला तिच्या घरी असलीस तरी आधी तू वाचणार, मग वाटलं तर ती. नौपाड्यातली प्रत्येक बातमी तिला सगळ्यांच्या आधी लागते, ही एक तरी तुझ्या आधी लागू नये. फोन केला असता, पण माझं तुला माहितीय. दोन वाक्यांत माझा आवाज चढतो आणि तिसऱ्या वाक्याला मीच बरोबर असतो. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून कागद घेतलाय. शुक्रवारी मितेशच्या जामिनाची तारीख आहे. दुसऱ्यांदा मागतोय हरामखोर. त्याचा वकील म्हणतो, बायकोनेच, म्हणजे तूच, फोन करून टिटवाळ्याला बोलावलं, पत्ताही तिनेच दिला, मग भांडण झालं आणि झटापटीत कपाटाचं दार लागलं. आपल्या वकीलबाई महिनाभर मला एकच विचारतायत, त्याला पत्ता मिळाला कुठून ते दाखवा, नाहीतर हा सुटेल. आणि सुटला की कुठे येईल, ते मी तुला सांगायला नको.

तुझ्या बोटांतल्या तारा काढल्या म्हणे. आय सांगत होती, मधलं बोट अजून वाकत नाही आणि तू डाव्या हाताने भात खातेस. ती घरी येऊन देवापुढे बसली आणि नुसतं 'माजी बाय, माजी बाय' करत राहिली. मी तिच्यासमोरून उठून गोदामात गेलो. तिथे खुर्च्यांची एक अख्खी थप्पी लाथ मारून पाडली. पोरं बघत उभी राहिली, मग गुपचूप परत रचायला लागली. माझी त्यांना सवय आहे.

तुला तो रविवार आठवतो का, तू गोदामातल्या टेबलाखाली तो काळा डबा बसवलास? तीन वर्षं झाली. तोपर्यंत आपला सगळा कारभार बाबांच्या पद्धतीने, तोंडी. कुठला मंडप कुठे गेला, टोपं कोणाकडे राहिली, कोणाला पत्ता नसायचा. त्यावरून माझे आणि कामगारांचे रोज राडे. तू म्हणालीस, दादा, आता एक टेंपो नोंदीशिवाय गेटबाहेर जायचा नाही. पत्ता टाकल्याशिवाय चलनच निघणार नाही असं करून ठेवते. केलंस. मी आठवडाभर तुला शिव्या घातल्या आणि मग गावभर सांगत फिरलो की आमच्या गोदामात सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे काय ते मला आजही धड सांगता येत नाही.

पहिल्याच दिवशी लॅपटॉपवर तो लाल त्रिकोण आला, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून. मी म्हटलं, झालं, बिघडवलंस. तू हसलीस. म्हणालीस, अरे, मोठ्या कंपन्या त्यांच्या सर्टिफिकेटवर बाहेरच्या मोठ्या माणसाची सही घेतात. आपल्या गोदामातल्या गोदामात कशाला तो खर्च? आपणच सर्टिफिकेट बनवायचं, आपणच सही करायची. फक्त ब्राउझर आपल्या सहीला ओळखत नाही, म्हणून बोंबलतो. ओळख आपण करून द्यायची. मग तू ते सर्टिफिकेट उघडून दाखवलंस. कोणासाठी, तर भिवा मंडप डेकोरेटर्स. सही कोणाची, तर तीच, भिवा मंडप डेकोरेटर्स. बाबांचं नाव दोनदा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हा मी बिडीचा धूर गेला म्हणालो. गोदामात कोणी बिडी ओढत नव्हतं.

आणि मग तू तो गुलाबी कागद लिहिलास. सर्टिफिकेटला ठसा असतो, माणसाच्या अंगठ्याला असतो तसा, फक्त आकडे-अक्षरांचा, लांबलचक. ओळख करून देण्याआधी ठसा जुळवायचाच, असं मला तीनदा बजावलंस. सर्टिफिकेटची मुदत एक वर्ष. दर सप्टेंबरला तू जुनं पुसून नवीन करणार, कागदावर नवा ठसा आणि नवी तारीख लिहिणार, लाल त्रिकोण येणार, मी तुला फोन लावणार. पहिली चार अक्षरं तू वाचणार, शेवटची चार मी. जुळली की मगच पुढे जायचं. कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलास, वर मुदतीची तारीख लाल पेनाने. दोन सप्टेंबर आपण ते इमानाने केलं. मी शेवटची चार मुद्दाम चुकीची वाचायचो आणि तू कोकलायचीस. मला वाटायचं हा आपला खेळ आहे.

लग्नाचं काय लिहू. तुझ्या हळदीला आठशे माणूस जेवलं, मंडप आपलाच, मीच उभा राहून बांधून घेतला. डोंबिवलीत कॅमेरे आणि वायफाय बसवणारा, शिकलेला, गोड बोलणारा जावई. गोदामाचा राउटर त्याने फुकट बसवून दिला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, माझा मेहुणा घरचा माणूस. दीड वर्षाने तू पिशवी घेऊन कोपरीला आपल्या गोदामात आलीस. मानेवर बोटांचे वळ होते, ते मी बघितले. बघूनही तुला म्हणालो, परत जा. लोक काय म्हणतील, आठशे माणूस जेवलंय. तू म्हणालीस, दादा, तो मला मारून टाकेल. मी म्हणालो, नवरा-बायकोत होतं. तू म्हणालीस, तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय मग? आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. गोदामात, सगळ्या कामगारांसमोर. तू पडली नाहीस, खुर्च्यांच्या थप्पीला हात टेकून उभी राहिलीस, पिशवी उचललीस आणि गेलीस. आपण दोघं ह्याबद्दल एक शब्द बोललेलो नाही. हॉस्पिटलमध्येही नाही. मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तू टिटवाळ्याला खोली घेतलीस हे आयने सांगितलं. तिनेच हट्ट धरला की पोरीचं कपाट तिला पाठव, कपडे जमिनीवर ठेवतेय. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून पोपटला पाठवलं. पोपट बाबांच्या वेळेपासूनचा ड्रायव्हर, तुला शाळेत सोडायचा. मंगळवारी कपाट टेंपोत चढलं. तुझा नियम, पत्त्याशिवाय चलन नाही. मी माझ्या हाताने टाईप केलं, बिल्डिंगचं नाव, दुसरा मजला, खोलीचा नंबर. पोपटला दम दिला, हा पत्ता कोणाला कळता कामा नये.

गुरुवारी मितेश गोदामात आला. गेटवरच्या वहीत सही आहे त्याची, चार वाजून वीस मिनिटं. माझ्या पाया पडला. रडला. म्हणाला, दादा, माझं चुकलं, ती कुठे आहे तेवढं सांगा. मी त्याची कॉलर धरून त्याला कपाळमोक्ष होईल असं आपटायला हवं होतं. मी त्याला चहा पाजला. पण पत्ता सांगितला नाही. छाती पुढे काढून म्हणालो, माझी बहीण कुठे आहे ते माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. तो म्हणाला, बरोबर आहे दादा, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. वायफाय स्लो वाटतंय, जाता जाता बघून देतो. दहा मिनिटं राउटरशी काहीतरी करत बसला आणि गेला. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला, कल्पे. आयला जेवताना दोनदा सांगितलं, मी नाही सांगितलं म्हणून.

शनिवारी दुपारी तो टिटवाळ्याला पोचला. त्यापुढचं तुझ्या अंगावर आहे, मी काय लिहिणार. आपण पाठवलेल्या त्याच कपाटाच्या दारात त्याने तुझा उजवा हात धरला आणि चार वेळा दार लोटलं. तू काम करतेस तो हात. खालच्या मजल्यावरची बाई कुकर घेऊन वर धावली आणि तिने त्याच्या डोक्यात घातला, म्हणून तू आहेस. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा कपाटाच्या आतल्या कप्प्यांवर रक्त होतं आणि घडी केलेल्या कपड्यांवर तुझं एक नख. मी ते नख रुमालात बांधून घेतलं. अजून माझ्याकडे आहे. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

रविवारी सकाळी मी पोपटला मारलं. पत्ता तिघांनाच माहीत होता, आयला, मला आणि पोपटला. आय सांगणार नाही, मी सांगितला नाही, राहिला कोण? एवढंच माझं गणित. त्याला गोदामात बोलावलं, शटर अर्धं खाली घेतलं आणि मंडपाचा बांबू उचलला. तो हात जोडून एकच म्हणत होता, शेठ, आईशपथ मी नाय. तो जेवढं म्हणत होता तेवढा मला जास्त राग येत होता, की बघा साला किती शिताफीने खोटं बोलतोय. दोन दात पडले त्याचे. डाव्या कानाखाली बांबू बसला तेव्हा वाटाणा फुटावा तसा आवाज आला. पोरांनी मला मागून धरलं तेव्हा थांबलो. आणि कपडे बदलून सरळ तुझ्याकडे हॉस्पिटलमध्ये आलो आणि सांगितलं, पत्ता फोडणाऱ्याला फोडलाय. तू डावा हात पुढे करून माझं बोट धरलंस. म्हणालीस, दादा, तू आहेस म्हणून. पोलिसांना जबाब देताना तू पोपटचं नाव घेतलंस ते माझ्यामुळे. त्याला चार वेळा ठाण्यात बसवून ठेवलं. त्याने माझ्याविरुद्ध तक्रार केली नाही.

आता ह्या सोमवारचं सांगतो. सकाळी पोपटचं नाव ड्रायव्हरांच्या यादीतून काढायला लॅपटॉप उघडला आणि लाल त्रिकोण आला. सप्टेंबर, वर्ष संपलं. बोट नेहमीसारखं 'पुढे जा'वर गेलं आणि मी थांबलो, कारण मनात आलं, अरे, हे तर आत्ता दोन महिन्यांपूर्वीच केलं होतं. मग काचेखालून तुझा गुलाबी कागद काढला. तू शिकवलंस त्या पायऱ्या एकेक करून चढलो. ओळख करून दिलेल्या सर्टिफिकेटांची यादी उघडली. आपल्या सर्व्हरच्या नावाची दोन होती. एकाचा ठसा तुझ्या कागदाशी जुळला. दुसऱ्याचं पहिलंच अक्षर वेगळं. ते उघडलं. बनवल्याची तारीख तोच गुरुवार, चार वाजून बावन्न मिनिटं. आणि सही कोणाची, जिथे बाबांचं नाव असायला हवं तिथे? मितेशच्या दुकानाचं नाव, डोंबिवली पूर्व ह्यासकट. कॅमेऱ्याच्या गिऱ्हाइकांसाठी रोज जे तयार पान वापरतो, तेच घाईत वापरलं असणार गाढवाने, आणि त्यात त्याचं नाव आपोआप भरलं गेलं. स्वतःच्या हाताने सही करून ठेवली.

मग गुरुवार आठवला. तो गेला, मी म्हटलं गेला. तो गेटसमोर गाडीत बसून होता, आपल्याच वायफायवर. राउटरला त्याने सांगून ठेवलं होतं की गोदामाच्या सर्व्हरचं नाव कोणी घेतलं तर त्याच्या लॅपटॉपकडे पाठव. पाचला मी चलन काढायला बसलो तेव्हा लाल त्रिकोण आला. मला वाटलं, वर्ष झालं असेल. काचेखाली तारीख होती, सप्टेंबर, लाल पेनाने, माझ्या कोपराखाली. मी सर्टिफिकेट उतरवून घेतलं, ओळख करून दिली आणि पासवर्ड टाकला. तो त्याच्याकडे गेला. मग त्याने आरामात आत शिरून मंगळवारचं चलन वाचलं असणार. बिल्डिंग, दुसरा मजला, खोली नंबर. तोंडाने नाही म्हणालो आणि बोटाने देऊन मोकळा झालो, कल्पे. पत्ता मी दिला.

मंगळवारी पोपटकडे गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि आत निघून गेली. मी त्याच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, रडलोही. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, शेठ, उजव्या बाजूला येऊन परत सांगा, डाव्या कानात येत नाय. मी उठून उजवीकडे बसलो आणि पहिल्यापासून परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. त्याने माफ केलं का, मला माहीत नाही. त्याने पाणी दिलं. मी त्याला सांगितलं, तक्रार दे, मी सगळं कबूल करतो. तो म्हणाला, विचार करतो.

काल वकीलबाईंना लॅपटॉप दाखवला. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, ह्याने तो शुक्रवारी सुटत नाही, पत्ता चोरून, ठरवून गेला होता हे ह्यात आहे. पण तुम्हाला जबाब द्यावा लागेल, आणि समोरचा वकील पहिलंच विचारेल की ठसा जुळवायचा नियम होता तर तुम्ही बहिणीला फोन का नाही केला? त्या म्हणाल्या, विसरलो म्हणा. तर खरं हे आहे की मी विसरलो नव्हतो. लाल त्रिकोण आला तेव्हा मी फोन हातात घेतला होता. तुझं नाव काढलं होतं. आणि मला वाटलं, थोबाडीत मारून नऊ दिवस झालेत, आता पहिला फोन मीच केला तर ती समजेल दादा नमला. फोन ठेवला आणि 'पुढे जा' दाबलं. एका फोनचा प्रश्न होता. तू पहिली चार वाचली असतीस आणि तिथल्या तिथे ओरडली असतीस, दादा, थांब.

तर हे पत्र कशाला लिहिलं ते आता सांगतो. उद्या मी जबाब द्यायला जातोय. पत्ता माझ्याकडून गेला हे सांगणार, पोपटचं सांगणार, त्याला आणखी कोणी ठाण्यात बसवणार नाही. माझ्यावर केस झाली तर होऊ दे. ह्या दोन गोष्टी माझ्या आहेत, त्या मी कोणाला न विचारता सांगेन. पण फोन का केला नाही हे खरं सांगायचं तर ती थप्पड कोर्टात येणार. समोरचा वकील ती उगाळणार, भर कोर्टात तुला विचारणार, भावाने कुठे मारलं, कोण कोण बघत होतं. ती तुझ्या गालावरची आहे. तू ती शीलामावशीलाही सांगितली नाहीस, वकीलबाईंनाही नाही, मला माहितीय. तू नको म्हणालीस तर मी विसरलो म्हणेन आणि शपथेवर खोटं बोलण्याचं पाप माझं. आजवर तू थांब म्हणालीस तेव्हा मी पुढे गेलो, प्रत्येक वेळी, तू पिशवी घेऊन आलीस तेव्हाही आणि लाल त्रिकोण आला तेव्हाही. लॅपटॉप सोमवारपासून तसाच आहे, लाल त्रिकोण समोर, एक टेंपो गेटबाहेर गेलेला नाही. आय तुझ्यासमोर बसून राहील. थप्पड कोर्टात सांगू का, एवढंच सांग; तोंडाने बोलवत नसेल तर तिच्याकडे बघून नुसती मान हलव, हो किंवा नाही. तोवर मी काहीच दाबणार नाही.

तुझाच,
दादा